गुरुजींची गोळी आणि मार्तंडचा प्रश्न

आमच्या मोगऱ्याला हृदयविकार नव्हता, तरी त्याच्या कुंडीत मला हृदयाच्या गोळ्या सापडल्या. सकाळी पाणी घालायच्या आधी माती उकरायला घेतली, तर गुलाबी गोळ्या वर आल्या. काहींचा लगदा झालेला, काही जशाच्या तशा. मी झारी तिथंच ठेवून घरात आले. आमचे हे, म्हणजे नावाचेच श्रीमंत असलेले गुरुजी, पाय पसरून पेपर वाचत होते. मला इतका संताप आला की तोंडातून शब्दच फुटेना. आणि मला शब्द न फुटणं ही आमच्या घरात मोठी घटना असते.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. शेवटची शाळा नायगावची. आता आम्ही नांदेडला राहतो. सव्वा वर्षापूर्वी जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदयाला रक्त थोडं कमी पोचतंय, घाबरायचं कारण नाही. गोळ्या घ्या, तेलकट सोडा आणि रोज चाला, दम लागला की थांबा. चालायचं ऐकून गुरुजी खूश झाले. बाकी कुणाला काही सांगायचं नाही, अशी मला मात्र शपथ घातली. मुलींना नाही, शेजाऱ्यांना नाही आणि मार्तंडला तर मुळीच नाही.

मार्तंड म्हणजे लातूरचे मार्तंड सर. भूकंप झाला त्या साली हे दोघं तरणे मास्तर होते. औशाच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची आणि दोघांना एकदमच तिथं पाठवलं होतं. बस आत जायची नाही. रस्त्यावर उतरून चालत जायचं, आणि शेडला आधी कोण पोचतो यावर रोज भांडायचं. आजूबाजूला सगळं पडलेलं, माणसं मुकी झालेली, आणि हे दोन येडे झपाझप चालत यायचे ते बघून पोरं हसायची. म्हणून चालत होतो, असं दोघंही सांगतात. मला विचाराल तर दोघांनाही हरायचं नव्हतं, एवढंच.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. मार्तंड भावजींनी नोकरी सोडली आणि एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात जीवशास्त्राचा क्लास काढला. त्यांच्या हाताखालून इतके डॉक्टर बाहेर पडले की त्यांना साधा खोकला झाला तरी ओळखीची माणसं निघतात. गुरुजी आपले सरकारी फळ्यावर राहिले. पण चालायची खुमखुमी दोघांची गेली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेड आणि लातूरच्या सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांची शर्यत सुरू केली. साठीच्या पुढचे सगळे, दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी, एक साल नांदेडला आणि एक साल लातूरला. पळायचं नाही, नुसतं चालायचं. जिंकणाऱ्याला लाकडी ढाल. गेल्या वर्षीची ढाल गुरुजींनी जिंकली होती आणि टीव्हीच्या वर अशी ठेवली होती की मालिका बघताना नजर तिच्यावरच जावी.

"गोळ्या कुंडीत कशा गेल्या?" मी शेवटी विचारलं.

गुरुजींनी पेपर खाली केला नाही. "कुठल्या गोळ्या?"

"मोगरा खायलाय त्या. त्याला काय कळ येऊन राहिली का छातीत?"

पेपर हळूहळू खाली आला. वर्गात कॉपी सापडलेल्या पोराचं तोंड व्हावं तसं त्यांचं तोंड झालं होतं. आणि निघालंही तेच. "सिंधु," ते म्हणाले, "मी कॉपी करून पास झालो गं."

मग त्यांनी फोन पुढं केला. शर्यतीच्या म्हाताऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नाव 'चालते व्हा'. क्लास बंद केला तरी मार्तंड भावजींची खोड गेलेली नाही. रोज सकाळी ते ग्रुपवर एक प्रश्न टाकतात, चार पर्यायांचा, आणि संध्याकाळी उत्तर स्पष्टीकरणासह. पहिलं उत्तर कायम गुरुजींचं. आठवड्यापूर्वीचा प्रश्न मी वाचला:

'खालीलपैकी कोणते औषध घेण्यास खेळाडूंना सदैव मनाई आहे? अ) इन्शुलिन ब) ट्रायमेटाझिडिन क) पॅरासिटामॉल ड) मेटफॉर्मिन.'

संध्याकाळचं उत्तर, 'ब'. खाली भावजींनी क्लासमध्ये शिकवावं तसं लिहिलं होतं. हृदय एरवी बरीचशी ताकद चरबी जाळून मिळवतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो. हे औषध हृदयाला साखर जाळायला लावतं, मग कमी प्राणवायूत काम भागतं. आजारी हृदयाला त्यानं आराम पडतो. धडधाकट खेळाडूंना वाटतं, आपलाही दम जास्त टिकेल. खरंच टिकतो का, याबद्दल जाणकारांचंच एकमत नाही. पण शरीराची चूल अशी बदलणारी औषधं खेळात चालत नाहीत.

ट्रायमेटाझिडिन म्हणजे आमची गुलाबी गोळी. त्या दिवशी गुरुजींनी उत्तर पाठवलं नव्हतं, फोन पालथा घातला होता आणि चहा तसाच निवला होता, ते मला आता आठवलं. मला वाटलं होतं, उत्तर आलं नसेल.

"मार्तंडला काही माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "त्यानं आपला सहज विचारला. पण मला तर माहीत आहे ना. गेल्या साली ही गोळी खाऊन मी ढाल आणली. जन्मभर पोरांच्या पायमोज्यातून चिठ्ठ्या काढल्या, सख्ख्या भाच्याला पेपरातून उठवलं. आता या वयात मी कॉपीबहाद्दर झालो."

"म्हणून गोळी बंद?"

"हाव. यंदा निखळ चालणार."

"आणि मधेच छाती धरून बसलात तर?"

"तर बसलो. पण कॉपी न्हाई."

या माणसाच्या डोक्यात कधीकधी खडू भरलेला असतो, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. भांडून उपयोग नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, माझ्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी आणली आणि टेबलावर आपटली. शेजारच्या लताबाई माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या, त्यांनी दिलेला पेढ्यांचा पुडा होता. त्यातला एक पेढा त्यांच्यासमोर तोंडात टाकला.

"काय करायलीस?"

"तुमची गोळी सुरू होईपर्यंत माझी बंद. आणि पेढे चालू."

"सिंधु, साखर वाढंल!"

"वाढू द्या. निखळ वाढंल." मी दुसरा पेढा उचलला. मला पेढे आवडतात, पण त्या दिवशी त्यांची चवच लागत नव्हती. मला हा माणूस हवा होता. ढाल असलेला, नसलेला, कसाही, पण जिवंत. तिसऱ्या पेढ्याला हात घातला तेव्हा गुरुजी उठले, आपली पट्टी आणली, गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. तोंड उघडून जीभ वर करून दाखवली, खात्रीसाठी. मीही माझी घेतली.

पण पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "गोळी घेतो. आता चालायला मात्र जायचं न्हाई. आणि ढाल मार्तंडला परत करायची."

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. तिसऱ्याही नाही. सकाळी उठून ओट्यावर बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या ग्रुपच्या लोकांकडं पाठ करायचे. ढाल कापडात गुंडाळून कपाटावर गेली. मला हृदयापेक्षा या बसण्याची भीती वाटू लागली. चालणं थांबलं की हा माणूस एका वर्षात म्हातारा होईल, आणि मग गोळी तरी कुणाला द्यायची?

"भावजींनी लिहिलं म्हणून लगेच खरं?" मी एकदा टोचलं. "तुम्ही वाचलंय का कुठं?"

झालं. मास्तराला पुरावा मागितला की तो गप्प बसत नाही. गुरुजी तडक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि मनाई असलेल्या औषधांची आख्खी यादी छापून घेऊन आले. आपली गोळी त्यात छापलेली आहे, हे त्यांना मला दाखवायचं होतं. टेबलावर बसले, सवयीनं लाल पेन हातात घेतला, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. पेपर तपासताना मधूनच वाचायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

मी भाजी निवडत होते. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "आँ?"

मग पुन्हा, "आँ!"

आणि मग गुरुजी हसायला लागले. आठवड्यात मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मेथीची जुडी तशीच टाकून धावले. गुरुजींनी कागदावर लाल पेनानं असा गोल मारला होता की कागद फाटायचा बाकी होता. ट्रायमेटाझिडिन होतंच. पण त्याच भागात, जरा वर, इन्शुलिन बसलं होतं.

"दोन उत्तरं!" गुरुजींचे डोळे चमकत होते. "अ पण बरोबर, ब पण बरोबर! प्रश्नच चुकलाय सिंधु, मार्तंडचा प्रश्न चुकलाय!"

आता यातली गंमत समजायला एक गोष्ट माहीत हवी. मार्तंड भावजी स्वतः इन्शुलिन घेतात. लपूनछपून नाही. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, जिथं जेवण तिथं सदरा वर करून पोटात सुई टोचतात आणि समोरच्याला सांगतात, शिका, शिका, परीक्षेत येतं. रोज पोटात टोचतात ते औषध भावजींनी चुकीचा पर्याय म्हणून टाकलं होतं. इतकं ओळखीचं की पोरं लगेच गाळतील म्हणून.

गुरुजी पुढं वाचत गेले. खऱ्या आजारासाठी डॉक्टरांचे कागद दाखवून रीतसर परवानगी मागता येते, हेही तिथं होतं. मी म्हटलं, "बगा. कॉपी आणि औषध यांत एवढा फरक त्यांनापण कळतो." यावर त्यांनी लाल पेनानं तिथं बरोबरची खूण केली.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'प्रश्न सदोष. पर्याय अ सुद्धा बरोबर. पुरावा सोबत जोडला आहे.' स्वतःच्या आजाराबद्दल एक अक्षर नाही.

ग्रुपवर धुळवड सुरू झाली. लातूरकडून कुणीतरी लिहिलं, 'नियमाप्रमाणे प्रश्न रद्द, सर्वांना पूर्ण गुण.' नांदेडकडच्यांनी टाळ्यांचे हात पाठवले. आमच्या गटाचे अध्यक्ष आप्पासाहेब, कचेरीतून निवृत्त झालेले आणि शिस्तीचे, त्यांनी यादी नीट वाचली आणि जाहीर केलं की त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीतलं लघवी जास्त करणारं औषधसुद्धा यादीत आहे. मग एकेक जण बाहेर यायला लागला. आधी सगळे लाजत लाजत लिहीत होते, नंतर चढाओढ लागली. माझ्या तीन. माझ्या पाच, शिवाय एक चघळायची. एकानं तर वारांची नावं लिहिलेल्या डबीचा फोटो टाकला. इतकी वर्षं बरोबर चालणारी माणसं, कुणाला कुणाचं काही माहीत नव्हतं.

मी हसत होते, तेवढ्यात आप्पासाहेबांचा पुढचा संदेश आला. 'शर्यत स्वच्छ व्हावी म्हणून सर्वांनी आठवडाभर आपापल्या गोळ्या बंद ठेवाव्यात असा ठराव मांडतो.' त्याखाली धडाधड अंगठे उठायला लागले.

माझं हसू तिथंच विरलं. एका येड्याला सांभाळताना माझी दमछाक झाली होती, आता दोन जिल्ह्यांतले सगळे तयार झाले. मी गुरुजींच्या हातातून फोन ओढला आणि मार्तंड भावजींना लावला.

"वहिनी," पलीकडून रडवेला आवाज आला, "माझ्या प्रश्नाला दोन उत्तरं निघाली. आयुष्यात पहिल्यांदा. मी इन्शुलिन बंद करायलो आणि नाव पण मागं घ्यायलो."

"भावजी, सुई बंद केली तर मी लातूरला येऊन स्वतः टोचीन. आणि मला हलक्या हातानं टोचता येत न्हाई. आता मी सांगते तो ठराव लिहा. गोळी घेतल्याशिवाय कुणी रेषेवर पाय ठेवायचा न्हाई. तपासायला मी बसणार."

"पण वहिनी, उत्तेजक तपासणीत गोळी घेतलेला बाद होतो."

"आपल्याकडं न घेतलेला बाद. लिहा."

त्यांनी लिहिलं. 'आयोजक समितीचा निर्णय,' असं वर घालून. मास्तर लोकांना छापील वाटलं की पटतं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजीही गोळी घेऊन पुन्हा फिरायला जायला लागले.

रविवारी आम्ही पहाटेच्या एसटीनं लातूर गाठलं. गुरुजींनी ढाल मांडीवर धरली होती, जिंकलो तरी हरलो तरी ती आज द्यायचीच म्हणत होते. एका कॉलेजच्या मैदानावर शर्यत होती. कुंपणापलीकडून क्लासची पोरं पाठीला दप्तरं लावून, वहीत डोकं घालून भराभर चालली होती. आमच्या लोकांपेक्षा तीच जास्त वेगात होती, आणि तोंडावर मात्र त्यांच्या वयाला न शोभणारी काळजी.

मी टेबल, पाण्याची घागर आणि फुलपात्रं मांडून बसले. पोहे आधी खायला घातले, कारण बऱ्याच गोळ्या जेवणावरच्या. मग रांग. एकेकानं यायचं, समोर गोळी गिळायची, जीभ वर करून दाखवायची. मार्तंड भावजींनी पोह्याच्या आधीच सगळ्यांच्या देखत सुई टोचून घेतली आणि टाळ्या घेतल्या. गुरुजींनी मात्र मुठीत लपवून, पाठमोरं होऊन गोळी तोंडात टाकली. मी बघितलं आणि पुढच्याला बोलावलं.

शेवटी लातूरच्या गटातले सिद्धराम आले, तेलबियांच्या बाजारातले अडते. हात रिकामे.

"तुमची गोळी?"

"मला कायच न्हाई ओ," ते ओशाळून म्हणाले. "सगळं नार्मल हाय."

रांगेत कुजबुज झाली. गोळी नाही म्हणजे? नियम तो नियम, असं आप्पासाहेबांचं म्हणणं पडलं. बराच खल झाल्यावर त्यांनीच खिशातून जिऱ्याची पाचक गोळी काढून दिली, सिद्धरामांनी ती गिळली, जीभ दाखवली, आणि त्यांना पात्र ठरवण्यात आलं.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीला गुरुजी आणि मार्तंड भावजी नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढं, खांद्याला खांदा लावून. माझा जीव वरखाली होत होता. दुसऱ्या फेरीला मला त्यांचे आवाज ऐकू आले.

"पर्याय अ मी मुद्दाम फसवा टाकला होता," भावजी म्हणत होते.

"फसवा असता तर चूक असता. तो बरोबर आहे!"

"संदर्भ लक्षात घे ना!"

"प्रश्नात संदर्भ कुठं आहे? दाखव!"

भांडताना हात लागतात, आणि हात हलवताना पाय मंदावतात. आप्पासाहेब पुढं गेले. मग आणखी दोघं, मग सगळेच. हे दोघं मधेच थांबले, भावजींनी बोटानं मातीत चार पर्याय लिहून दाखवले, गुरुजींनी पायानं खोडले. तोवर सिद्धराम शांतपणे, धोतराचा सोगा धरून, पहिले आले. आमची जोडी सर्वांत शेवटी आली, तीही रेषा ओलांडल्याचं न कळता. मी मात्र बघत होते. गुरुजींच्या कपाळावर घाम होता, पण हात छातीवर नव्हता, आणि चेहरा उजळलेला होता. मी देवाचे आभार मानले आणि त्या चुकलेल्या प्रश्नाचेही.

बक्षीस समारंभात गुरुजींना गेल्या वर्षीचे विजेते म्हणून व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी ढाल सिद्धरामांच्या हातात दिली आणि खाली उतरलेच नाहीत. माइक नव्हता, त्यांना तो लागतही नाही.

"एक सांगायचंय. माझ्या छातीत कळ येते. सव्वा वर्षापासून मी ट्रायमेटाझिडिन घेतो. गेल्या साली ढाल घेतली तेव्हाही घेत होतो. आजही घेतली. कुणाची हरकत असेल तर बोला."

सगळ्यांच्या नजरा मार्तंड भावजींकडं गेल्या, कारण गेल्या वर्षी दुसरे तेच आले होते. भावजी उठले. तोंड पांढरं पडलेलं. ढाल, शर्यत, प्रश्न, सगळं विसरून ते गुरुजींसमोर जाऊन उभे राहिले.

"सव्वा वर्ष?" ते म्हणाले. "अरे, तू माझ्या घरी आला होतास. गच्चीवर नेलं मी तुला, जिन्यानं. पैज लावून. आणि तू बोलला न्हाईस?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो, आणि उचलून खाली आणलं असतं!" भावजींचा आवाज फुटला. त्यांनी गुरुजींच्या दंडाला धरून गदागदा हलवलं, मग आपण कुणाला हलवतोय ते लक्षात येऊन एकदम सोडलं आणि हळूच मिठी मारली. त्या दोघांना मी इतकी वर्षं बघते, पण एकमेकांना धरलेलं तेव्हाच पाहिलं. मी रडले. टाळ्या वाजवत रडले, लपवायचं काही कारणच नव्हतं.

"आता नियम ऐक," भावजी नाक पुसत म्हणाले. "पुन्हा कळ आली तर लपवायचं न्हाई. लगेच फोन करायचा. आधी मला, मग वहिनीला."

"आधी मला," मी खालून ओरडले.

"वहिनी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? लातुरातले निम्मे हृदयाचे डॉक्टर माझे विद्यार्थी आहेत."

"आणि घरात मी आहे! तुमचे डॉक्टर काय लातूरहून उडत येणार का?"

"अरे, पण कळ मला येणार आहे," गुरुजी मधे म्हणाले, "मला कुणी विचारा की!" पण त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. नांदेडची बस लागेपर्यंत आमचं तिघांचं भांडण चाललं होतं, आणि इतक्या आनंदानं मी जन्मात कुणाशी भांडलेले नाही.